हिरडीच्या रंगाचा गुडघा

कवळीकाकांची स्वतःची सायकल कोणती, हे त्यांच्या गल्लीत कुणालाच सांगता आलं नसतं. एका पंधरवड्यात ते काळ्या, उंच, मागे दुधाच्या किटल्या अडकवायच्या सायकलवरून जाताना दिसत, तर पुढच्या पंधरवड्यात पिवळ्या, शाळकरी मुलीच्या, हँडलला झिरमिळ्या लावलेल्या सायकलवरून. साठी उलटलेला उंच माणूस गुडघे पार कानापर्यंत नेत सकाळी सव्वाआठला चौक ओलांडायचा आणि झिरमिळ्या वाऱ्यावर उडायच्या. हसणारे हसून घ्यायचे. काकांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं सगळं ध्यान खाली, चेनच्या आवाजात असायचं.

पोटापाण्याचा धंदा कवळ्यांचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे साचे पाठवायचे. काका त्यांवरून प्लास्टरचे जबडे ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे आणि वर हिरडीच्या रंगाचं गुलाबी प्लास्टिक चढवायचे. चाळीस वर्षं हेच काम, चौकापलीकडच्या त्याच गाळ्यात, त्याच खिडकीपाशी, त्याच स्टुलावर. अर्ध्या शहराचं हसू यांच्या हातचं आहे आणि यांचं स्वतःचं हसू अजून कुणी पाहिलेलं नाही, असं त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

बाकीचा वेळ जिन्याखालच्या खोलीत. खोली म्हणायची म्हणून म्हणायची. दोघं आत असली तर तिसऱ्याने श्वास बाहेर जाऊन घ्यावा, एवढीच जागा. भिंतीला चाकं टांगलेली, कोपऱ्यात भंगारातून आणलेले सायकलींचे सांगाडे, आणि फळीवर छर्रे, नट, वॉशर भरलेल्या बरण्या. हत्यारंही अर्धी दातांच्या कामातली. कवळीचा चावा कुठे उंच लागतोय ते बघायला दातांत जो निळा कागद धरतात, तोच कागद काका ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यामध्ये धरत आणि चाक हळू फिरवत. निळा डाग उमटेल तिथे चाक आउट, म्हणजे वाकडं. मग आऱ्यांवर किल्ली फिरे, पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे, आणि डाग नाहीसा होईपर्यंत जेवायला हाक मारलेली ऐकू जात नसे.

नीट झालेली सायकल ज्याला गरज असेल त्याला देऊन टाकायची, हा त्यांचा नियम. पण देण्याआधी पंधरा दिवस स्वतः चालवायची, हा त्याहून मोठा नियम. आणि चालवायची तीसुद्धा घेणाऱ्यासारखी. दूधवाल्याची असेल तर किटल्यांत पाणी भरून. मुलीची असेल तर पाठीला दप्तर लावून, दप्तरात विटा घालून. यामागे एक जुनं दुखणं होतं. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका शाळेच्या बाईंची सायकल दोन तासांत दुरुस्त करून दिली होती. तिसऱ्या दिवशी हँडल ढिलं होऊन फिरलं, बाई रस्त्यावर आपटल्या आणि पुढचे दोन दात गेले. ते दोन दात काकांनीच बनवले. बनवताना काय वाटलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण तेव्हापासून कानाला खडा. नट खोलीत खोटं बोलतो, रस्त्यावर खरं, एवढंच ते म्हणायचे.

या घरात सूनबाई येऊन सहा वर्षं झाली होती. नवरा रस्त्यांच्या कामावर परगावी, आठवड्याने येणारा, त्यामुळे घरात तिघंच. सासूबाईंशी तिचं गूळपीठ जमलं होतं. सासऱ्यांशी मात्र तिचं एक अख्खं वाक्यही कधी झालं नव्हतं. ती समोर ताट घेऊन बसलेली असली तरी काका बायकोकडे बघून म्हणायचे, "सूनबाईला म्हणावं, मागच्या चाकात हवा कमी आहे." मग सूनबाईही सासूबाईंकडे बघून म्हणायची, "आई, बाबांना म्हणावं, संध्याकाळी भरते." "मी काय टपालखातं उघडलंय का?" सासूबाई विचारायच्या आणि दोन्हीकडच्या टपालावर आमटी वाढायच्या. काका वाईट नव्हते. लाजाळू होते. सुनेकडे मान वर करून बघायचं म्हणजे काय करायचं, हे त्यांना सहा वर्षांत उमगलं नव्हतं.

सूनबाई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. पहाटे साडेपाचला तिची राखाडी सायकल बाहेर पडायची, मागच्या कॅरिअरवर बर्फाची पेटी. पूल ओलांडला की पलीकडे वीस-बावीस घरं. घराघरांत रात्रभर उपाशी राहिलेली माणसं हाताच्या बाह्या वर करून तिची वाट बघत बसलेली, कारण सुई टोचून झाल्याशिवाय पहिला चहा नाही. तिला ते काम फार आवडायचं. रिकामे रस्ते, दिवे विझायच्या आधीचा पूल, उतारावर तोंडावर येणारा गार वारा. दिवसभर कुणी काहीही बोललं तरी तिचा सकाळचा तो एक तास कुणाला हिरावून घेता यायचा नाही, असं ती म्हणायची.

आणि एका सोमवारी प्रयोगशाळेच्या ओल्या पायरीवरून ती घसरली. उजव्या गुडघ्याच्या वाटीचे तीन तुकडे झाले. ऑपरेशन झालं, प्लास्टर आलं, प्लास्टर गेलं, मग व्यायाम करून घेणारी बाई आली आणि सहा महिने गुडघा वाकवत राहिली. गुडघा ऐंशी अंशांपर्यंत वाकला आणि तिथे जो रुसला तो रुसलाच. "बसाल, उठाल, जिना चढाल, एवढ्याला पुरेल," ती बाई शेवटच्या दिवशी म्हणाली. "सायकलला एकशेदहा तरी लागतात. हाडाला काही धोका नाही, पण पायडल पूर्ण फिरणारच नाही. तो नाद आता सोडा."

प्रयोगशाळेने तिला मागच्या खोलीत बसवलं, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. तिची पुलापलीकडची फेरी तात्पुरती दुसऱ्या एकीला दिली. पुढचा महिना संपेपर्यंत तुम्ही सायकलवर आलात तर फेरी तुमची, नाहीतर एक तारखेपासून ती कायमची दुसऱ्याची, असं साहेबांनी सांगितलं. साहेब माणूस चांगला होता, त्यामुळे त्याच्यावर चिडायचीही सोय नव्हती. ती घरी आली, अंगणातल्या सायकलकडे तिने एकदा पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाली, "देऊन टाका ती कुणाला तरी. डोळ्यांसमोर नको."

आठच दिवसांत सायकल खरंच अंगणातून गेली. आपणच म्हणालो होतो, हे तिला आठवत होतं, पण माणूस म्हणतो ते सगळं खरं करायचं असतं का? सासऱ्यांनी एका शब्दाने न विचारता दिली असेल कुणाला तरी, जशा ते सगळ्याच देतात. ती रात्री उशीत तोंड खुपसून रडली आणि सकाळी बसने कामावर गेली. सासऱ्यांचा तिला खरा राग आला होता. त्या दिवसापासून तिने सासूबाईंमार्फत जाणारं टपालही बंद केलं.

त्या सुमारास काका एका नव्याच सवयीला लागले होते. ती जिना चढायला लागली की ते भाजीची पिशवी घेऊन तिच्या मागे तीन पायऱ्यांवर असायचे, मान खाली घालून. पडायबिडायची म्हणून येत असतील, असं तिला वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला. मग ते सगळ्या शहरातली लेथची दुकानं पालथी घालू लागले. आटे कापायचा कसला तरी टॅप हवा होता म्हणे, मिळत नव्हता. अखेर कुठल्याशा कारखान्याच्या भंगारात मिळाला तेव्हा ते जेवताना चक्क दोनदा खाकरले. त्यांचा आनंद एवढाच असायचा.

सूनबाईने लक्ष दिलं नाही. पुढच्या महिन्याची बारा तारीख आली. त्या दिवशी बसचा नेहमीचा रस्ता खोदून ठेवलेला होता, म्हणून बस पुलावरून वळवली. पुलाच्या पायथ्याशी वाहनांची रांग लागली आणि बस उभी राहिली. सूनबाई खिडकीशी बसली होती. शेजारची दोन-चार माणसं बाहेर बघून हसायला लागली म्हणून तिनेही पाहिलं.

तिची राखाडी सायकल चढ चढत होती. वर कवळीकाका. त्यांच्या एका पायावर, पँटच्या वरून, मांडीपासून पोटरीपर्यंत एक गुलाबी टणक पन्हळ पट्ट्यांनी आवळलेली होती, आणि रंग तर तिने सहा वर्षं कवळ्यांवर पाहिलेला, हिरडीचा. गुडघा वर यायचा, ठरावीक जागेपर्यंत वाकायचा आणि पन्हळीला अडून तिथेच थांबायचा. त्या पायाकडचं पायडलही विचित्र होतं, दांड्याच्या टोकाला नसून मध्येच बसवलेलं, त्यामुळे एक पाय मोठं वर्तुळ काढत होता आणि दुसरा लहान. कॅरिअरवर तिची बर्फाची पेटी होती. तिसऱ्या दिव्याच्या खांबापाशी काका डगमगले, पाय टेकला, थांबले. कमरेवर हात ठेवून दोन क्षण उभे राहिले. मग सायकल वळवली, चालत पार खाली पायथ्यापर्यंत आणली आणि पुन्हा पहिल्यापासून चढायला लागले.

"कुठल्या सर्कशीतला आहे रे हा?" मागून कुणीतरी म्हणालं. बस जागची हलत नव्हती. काका परत तिसऱ्या खांबाशी थांबले, परत खाली आले, परत चढले. तिसऱ्या वेळी चौथा खांब ओलांडला आणि पुलाच्या माथ्यावरून दिसेनासे झाले. बसमधली माणसं हसत होती आणि सूनबाईला काही ऐकू येत नव्हतं. सायकल कुणालाही दिलेली नव्हती. इतके महिने ज्या ऐंशी अंशांना तिने शिव्या दिल्या, ते ऐंशी अंश एकसष्ट वर्षांच्या धडधाकट माणसाने स्वतःच्या पायाला बांधून घेतले होते आणि ते घेऊन तो रोज कामावर जात होता. आपल्याला काय वाटतंय ते तिला कळेना. एखादं फार मोठं काही अचानक समोर यावं आणि त्याच्याकडे बघायला आपले डोळे कमी पडावेत, तसं काहीतरी झालं होतं.

बस हलली. तिचा हात सवयीने दुखऱ्या गुडघ्यावर होता. तिने हाताकडे पाहिलं, आणि मग पुन्हा पुलाकडे. तिचा गुडघा उजवा होता. काकांनी बांधला होता तो डावा.

ती दिवसभर चिठ्ठ्या चिकटवत होती आणि मधूनच तिला हसू येत होतं, मधूनच डोळे भरून येत होते. शेजारच्या टेबलावरची बाई दोनदा म्हणाली, बरं वाटत नसेल तर घरी जा. सांगावं की सांगू नये? न सांगावं तर चार दिवसांनी ते सायकल आणून उभी करतील आणि सगळ्यांसमोर तोंडघशी पडतील. सांगावं तर पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलायला हवं, आणि तेही गुडघ्याबद्दल, ज्याच्याकडे बघायलाही ते लाजत होते.

घरी आल्यावर तिने आधी सासूबाईंना गाठलं. सगळं ऐकून त्या खुर्चीतच बसल्या. "तरीच म्हटलं मांडीला एवढं काळंनिळं कसलं. स्टुलावरून पडलो म्हणाले." मग म्हणाल्या, "पण दोन महिने घरात प्लास्टर हिंडत होतं ना गं? कुठला पाय ते दिसलं नाही या माणसाला?"

"आई, त्यांनी वर कधी पाहिलंय का?"

"तेही खरं. छत्तीस वर्षं झाली, माझ्या कुठल्या गालावर तीळ आहे ते विचार त्यांना. समोरून बरोबर सांगतील, मी पाठमोरी झाले की उलटं. सगळा जन्म समोरच्याचं तोंड बघण्यात गेला ना. त्यांच्या उजवीकडे दिसलं की हात आपोआप डावं लिहितो."

हे ऐकलं आणि सूनबाईला जिना आठवला. समोरून बघितलेल्या जबड्यात माणसाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. चाळीस वर्षं काका तसंच उलटवून लिहीत आले होते. पण जिन्यावर ते तिच्या मागे होते, पाठीकडून बघत होते, आणि पाठीमागून उलटवायचं काही नसतं. उजवा गुडघा त्यांना उजवीकडेच दिसला आणि हाताने आपल्या सवयीने वहीत लिहिलं, डावा. सुनेला पाय दाखव म्हणून सांगायचा धीर झाला नाही, म्हणून चोरून माप घेतलं, आणि चोरून घेतलं म्हणून चुकलं. या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला ही चूक जमलीच नसती.

संध्याकाळी काका जिन्याखाली काम करत होते तेव्हा ती पहिल्यांदा त्या खोलीत शिरली. बसायला लोखंडी डबा होता. ती बसली, समोरच्या खोक्यावर तिने उजवा पाय ठेवला आणि गुडघा जितका वाकतो तितका वाकवला.

"बाबा," ती म्हणाली, "माप घ्या."

काकांनी आधी दाराकडे पाहिलं, बायको कुठे आहे म्हणून. ती नव्हती. मग त्यांनी मान वर केली. गुडघ्याकडे पाहिलं. फळीवरची वही काढली, पान उघडलं, वाचलं, पुन्हा गुडघ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं तिला दिसलं.  भिंतीवरचं एक चाक हळूहळू फिरत होतं.

"आज मी बसमधून बघितलं तुम्हाला, पुलावर," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, सायकल दिलीत कुणाला. मी तुमच्यावर रागावले होते. माझं चुकलं."

"माझं चुकलं," काका वहीकडे बघत म्हणाले. एवढ्यात सासूबाई दारात आल्याच, आणि मग त्या टॅपचं कोडं सुटलं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. सगळ्या जगाचे स्क्रू जिकडे आवळतात त्याच्या विरुद्ध. ते कापायला वेगळा टॅप लागतो, आणि त्याच्यासाठीच काका दोन आठवडे गावभर हिंडले होते. उजव्या बाजूचा साधा टॅप त्यांच्या खणात पहिल्यापासून पडून होता. हे सगळं कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काखेत कळसा आणि गावाला वळसा," आणि इतकं हसल्या की त्यांना चौकट धरावी लागली. सूनबाईही हसली. काका हसले नाहीत, पण खणातून टॅप काढून त्यांनी तो हातात तोलून पाहिला.

त्यांनी बसल्या बैठकीला काम सुरू केलं. डाव्या बाजूला भंगारातला पूर्ण लांबीचा दांडा बसवला. उजव्या दांड्यावर मधोमध खूण केली, हळूहळू भोक पाडलं, आटे कापले, पायडल चढवलं. नव्या मापाने पन्हळीचा साचा घ्यायला त्यांनी प्लास्टर कालवलं, तेव्हा सूनबाईने ओळखलं.

"बाबा, आता कशाला? गुडघा माझा आहे. मी उद्याच बसून बघते आणि सांगते कुठे अडतंय ते."

"पंधरा दिवस," काका म्हणाले.

"एक तारखेला फेरी दुसऱ्याकडे जाईल."

काकांनी बोटांवर मोजलं. "उद्या तेरा. सत्तावीसला पुरे होतात." आणि प्लास्टरचं भांडं ढवळत, तिच्याकडे न बघता, ते पुढे म्हणाले, "एका बाईंचे दात बनवलेत मी. गुडघा मला बनवता येत नाही."

 पुढचे पंधरा दिवस ती रोज सकाळी वरच्या खिडकीतून बघायची. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं म्हणून काका पन्हळ अंगणातच बांधायचे, आता उजव्या पायाला, आणि डावा पाय आधीच्या दिवसांनी सुजलेला असायचा. रात्री सासूबाई तो शेकून द्यायच्या आणि तोंडाचा पट्टा सुरू ठेवायच्या. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हा त्यातला सगळ्यात सौम्य भाग. एक दिवस ते कोपर खरचटून आले, एक दिवस सीट अर्धा बोट वर केली, एक दिवस परत खाली. दर संध्याकाळी वहीत काहीतरी लिहायचे. तिने विचारलं नाही. एवढं मात्र तिला कळलं की आपण या माणसाला सहा वर्षं ओळखतच नव्हतो, आणि ओळखलं तेव्हा जरा भीतीच वाटली. कुणाचं एवढं करणं पेलायचं म्हणजेही अंगात बळ लागतं.

अठ्ठावीस तारखेला पहाटे साडेपाचला सायकल अंगणात उभी होती. सासूबाई शाल गुंडाळून पायरीवर. काका हँडल धरून उभे. ते बायकोकडे वळले नाहीत. सूनबाईकडे बघून, सलग, सहा वर्षांत बोलले नसतील एवढं बोलले.

"सूनबाई, ऐक. पहिले चार-पाच फेरे पाय अडकतोय असं वाटेल. अडकत नाही. उतरताना डावा पाय टेक. पुलाच्या चढाला तिसऱ्या खांबापाशी कळ येईल. गुडघ्यात नाही, इथे, खुब्यात, कारण वाकत नाही तेवढं आपण कमरेने उचलतो. थांबावंसं वाटेल. थांबलीस तर चढावर परत सुरू करता येत नाही, खाली यावं लागतं. मी सात वेळा आलोय. चौथ्या खांबापर्यंत राहते कळ, मग आपली आपण जाते."

तिने मान हलवली.  ती बसली, डाव्या पायाने जोर दिला, आणि उजवा पाय त्याच्या छोट्याशा वर्तुळात वर आला, अडकल्यासारखा झाला, अडकला नाही, पुढे गेला. गल्लीच्या टोकापर्यंत ती हेच बघत होती, पाय वर येतोय आणि पुढे जातोय. मग बघायचं विसरली. रस्ता रिकामा होता आणि सायकल चालत होती.

पुलाचा चढ सुरू झाला. पहिला खांब, दुसरा. तिसऱ्या खांबापाशी कळ आली. गुडघ्यात नाही, खुब्यात, बोट ठेवून दाखवल्यासारखी, बरोबर तिथेच. दहा महिने डॉक्टरांनी, व्यायामवाल्या बाईने, ओळखीपाळखीच्यांनी तिला विचारलं होतं, दुखतं का, किती दुखतं, दहापैकी किती. ती आकडे सांगत राहिली आणि ते लिहून घेत राहिले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, आणि ती स्वतःच हे म्हणून सगळ्यांवर वैतागत आली होती. घरात ताट वाटून घेता येतं, काम वाटून घेता येतं, पण दुखणं ज्याचं त्याने एकट्यानेच काढायचं असतं, हे तिने पक्कं धरलं होतं. आणि इथे, या तिसऱ्या खांबापाशी, तिच्या दुखण्यात तिच्या आधी एक माणूस येऊन गेला होता. एकदा नाही, सात वेळा. चुकीच्या पायानेही आला होता आणि बरोबर पायानेही. ही कळ किती लांब आहे ते त्याने चालून मोजलं होतं आणि तिला तिचं दुसरं टोक सांगून ठेवलं होतं.

थांबावंसं वाटलं. ती थांबली नाही. चौथा खांब आला, मागे पडला, आणि कळ गेली. खरोखरच गेली. पुलाच्या माथ्यावर तिला मोठ्याने रडू फुटलं, पण हँडलवरून हात काढायची सोय नव्हती, म्हणून डोळे न पुसताच ती पलीकडे उतरली.